सही तेवढी करून जा, आक्का

राखीपौर्णिमा आणि भाऊबीज हे बहीण-भावाचे दोन सण सगळ्यांना ठाऊक आहेत. आमच्या बेळगाव भागात तिसराही एक आहे. त्याला तिथी नसते. वडील गेल्यावर येतो, नाहीतर रस्त्याकडेच्या शेताला बरा भाव आल्यावर येतो. एरवी 'स्टँडवरून रिक्षा करून ये' म्हणणारा भाऊ त्या दिवशी स्वतः गाडी घेऊन बहिणीला न्यायला येतो. वहिनी पुरणपोळी करते. जेवणं झाली की सगळे सबरजिस्ट्रारच्या ऑफिसात जातात. तिथं बहिणीचा फोटो निघतो, अंगठा उमटतो, सही होते. संध्याकाळी साडी, ओटी, आणि पाठवणी. या सणाचं नाव हक्कसोडपत्र.

मला या सणाचा संताप येतो, आणि तो मी लपवत नाही. दोन-अडीच हजारांची साडी देऊन एकराचा हिस्सा घ्यायचा, म्हणजे जगातली सगळ्यात महाग साडी आपल्याच बायका नेसतात की हो! आणि वर घरी येऊन शेजारणीला कौतुकानं दाखवतात, "भावानं घेतली."

भावांची कारणं ठरलेली असतात. पहिलं, "तुझ्या लग्नात खर्च केला ना." लग्नात हुंडा देणं-घेणं १९६१ पासून गुन्हा आहे. जो गुन्हा आहे, त्याचीच पावती दाखवून बहिणीचा हिस्सा वळता करून घ्यायचा, ही कुठली रीत? गोव्यात तर मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं मार्च २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, की लग्नात हुंडा दिला म्हणून मुलीचा घरच्या मालमत्तेतला हक्क संपत नाही. शिवाय मुलाच्या इंजिनिअरिंगला भरलेलं डोनेशन, त्याला काढून दिलेलं दुकान, त्याच्या लग्नातला मांडव, हे कुणी त्याच्या वाटणीतून कापल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

दुसरं कारण, "तुला काय कमी आहे?" हा प्रश्न फक्त बहिणीला असतो. दोन भावांतल्या एकाचा बंगला आहे म्हणून त्याला कुणी 'तुझा वाटा सोड' म्हणत नाही. आमच्या समाजात तर यावर अपरिग्रहाचा मुलामा चढतो. "हाव धरू नये, आक्का. आपल्यात त्याग मोठा." त्याग मोठाच आहे, मान्य. पण पाच व्रतांत अपरिग्रहाच्या जोडीला अचौर्यही आहे. ते पाठशाळेत मुलगे शिकत नाहीत का? अपरिग्रह बहिणींनी पाळायचा आणि परिग्रह भावांनी सांभाळायचा, अशी वाटणी कुठल्या शास्त्रात सांगितलेली नाही.

तिसरं कारण, "आई-वडिलांना आम्ही बघतो." यात तथ्य असू शकतं, म्हणून ते मी हसण्यावारी नेत नाही. खरोखर बघणाऱ्या भावाला चार गुंठे जास्त मिळावेत, असं मलाही वाटतं. त्यासाठी वडिलांनी हयातीत, आपल्या स्वतःच्या कमाईचं आणि आपल्या वाट्याचं मृत्युपत्र करावं. कायदा त्याला आडवा येत नाही. पण 'बघणं' म्हणजे काय, तेही एकदा बोलू या. आईचं ऑपरेशन झालं की महिनाभर घर सोडून कोण येतं? बेडपॅन कोण उचलतं? दवाखान्याच्या वरांड्यात सतरंजी टाकून कोण झोपतं? बहुतेक वेळा लेकच असते. फक्त तिचं बघणं उताऱ्यावर चढत नाही.

कायदा काय सांगतो, तो साध्या भाषेत लिहिते, कारण आपल्या बायकांना तो कुणी सांगत नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. नाव 'हिंदू' असलं तरी त्यात बौद्ध, जैन, शीख सगळे येतात. त्या कायद्यानं मुलीला वडिलांच्या हिश्शात वाटा दिला, पण वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतः हक्क आणि मुलीला नाही, हा भेद तसाच ठेवला. राहत्या घराची वाटणी मागायचीही तिला सोय नव्हती. १९९४ मध्ये कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही राज्यांनी मुलींना बरोबरीचा हक्क दिला, पण कायदा येण्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. माझं लग्न त्याच्या दोन वर्षं आधी झालं. म्हणजे अक्षता पडल्या आणि मी कायद्याच्या बाहेर गेले! शेवटी ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या मुली, लग्न झालेल्या-न झालेल्या, मुलग्याच्या बरोबरीनं हिस्सेदार झाल्या. राहत्या घराची अटही गेली. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत.

यात आपल्या बेळगावचाही वाटा आहे, हे फार जणींना माहीत नाही. इथल्याच एका बहिणीनं १९९२ साली इथल्या कोर्टात वाटणीचा दावा लावला. तो वर जात जात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. निकाल तिच्या विरुद्ध गेला. वडील २००५ मध्ये हयात असतील तरच मुलीला नवा हक्क, असं ठरलं, आणि तिचे वडील १९८८ मध्येच वारले होते. तेवीस वर्षं एक बाई कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी हा अर्थच रद्द केला. मुलीचा हक्क जन्मानं आहे, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, असं सांगितलं. त्या बाईला मी ओळखत नाही. पण माझ्यासारख्या कितीतरी जणींच्या आधी ती त्या दारात उभी राहिली, म्हणून तिला मनोमन नमस्कार करते.

आता सीमाभागातली खास गोष्ट. इथं कागद कन्नडमध्ये असतो. मराठी शाळेत शिकलेली, सांगली-कोल्हापूरकडं दिलेली लेक तो वाचणार कशी? तिला सांगतात, "बाबांच्या नावाऐवजी आपली नावं लागायला सही पाहिजे." ती वारसा लावायचा अर्ज समजून सही करते, आणि तो असतो हक्कसोडीचा कागद. एकदा तो रजिस्टर झाला, की फसवणूक झाली हे दिवाणी कोर्टात तिनंच सिद्ध करायचं.

माझ्यासमोरही असा कागद आला. मी म्हटलं, "कन्नड येणारं कुणीतरी मला ओळ न् ओळ वाचून दाखवा." भाऊ म्हणाला, "आक्का, माझ्यावर विश्वास नाही होय?" मी म्हटलं, "तुझ्यावर आहे, कागदावर नाही." वाचून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं. त्यानंतर दोन भाऊबिजा आल्या आणि गेल्या, मला फोन आला नाही. याचं दुःख होत नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. दिवाळीत तेलाचा वास आला की आईचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे येतं आणि घास अडकतो. पण जे माहेर एका सहीवर टिकून होतं, ते सही केल्यावर तरी किती दिवस टिकलं असतं? सह्या करून आलेल्या माझ्या मैत्रिणींनाही आता कुणी चार दिवस राहायला बोलवत नाही.

मी कोर्टात गेलेले नाही, जाणारही नाही बहुधा. नुसतं नाव राहू देणं म्हणजे भांडण नव्हे. आणि एखादीला मनापासून भावाला द्यायचं असेल, त्याची परिस्थिती खरोखर नाजूक असेल, तर तिनं खुशाल द्यावं. फक्त किती एकर, कुठला गट, आज भाव काय, हे कळल्यावर द्यावं. माहीत नसताना दिलं ते दान होत नाही.

आता थोडं आपल्याच बायकांविषयी. माहेरी हिस्सा मागणारी बाई सासरी वहिनी असते. नणंदेचं नाव उताऱ्यावर दिसलं, की तिचं सगळं तत्त्वज्ञान फिरतं. "त्यांना काय करायचंय हो जमीन?" हे वाक्य मी पुरुषांपेक्षा बायकांच्या तोंडून जास्त ऐकलंय. महिला मंडळात समान हक्कावर टाळ्या वाजवायच्या आणि घरी येऊन नवऱ्याच्या कानाशी लागायचं, हे मला पटत नाही. आमच्या घरी सासरे गेले तेव्हा हाच विषय निघाला. मी यांना सांगितलं, "माझ्या भावानं केलं ते तुम्ही करायचं नाही." दोन्ही नणंदांची नावं उताऱ्यावर लागली. गेल्या वर्षी उसाचं बिल आलं तेव्हा त्यांचा भाग त्यांच्या खात्यावर गेला. रक्कम फार मोठी नव्हती. धाकट्या नणंदेनं त्या पैशातून चष्मा केला, आणि फोन करून मला सांगितलं, "वहिनी, जन्मात पहिल्यांदा यांच्याकडं पैसे न मागता काहीतरी घेतलं बघा."