पैसा घेणारा ठरवतो

क्रिप्टोवर कुठंही व्याख्यान दिलं की प्रश्नोत्तरांतला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, आत्ता घ्यावं, की भाव उतरायची वाट बघावी?’ प्रश्न रास्त आहे. पण चलन आणि पेमेंट व्यवस्था हा विषय वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला त्या प्रश्नातच बरंचसं उत्तर दिसतं. रुपयाबद्दल असं कुणी विचारत नाही. पगार जमा झाला की आपण त्याचा भाव बघत बसत नाही. किराणा भरतो, हप्ता जातो, उरलं तर बाजूला टाकतो. ज्याचा भाव रोज बघावा लागतो ती मालमत्ता. सोनं, जमीन, शेअर यांच्यासारखी ती चांगलीही असू शकते. पण तिला पैसा म्हणायचं, तर समोरच्या दुकानदाराने ती विनातक्रार गल्ल्यात टाकली पाहिजे.

बिटकॉइनच्या जन्मदात्याला हीच परीक्षा द्यायची होती, हे आज विसरलं जातं. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने जो नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध झाला, त्यात गुंतवणुकीची भाषा नव्हती. बँकेला मध्ये न घेता एका माणसाने दुसऱ्याला इंटरनेटवरून थेट रोकड कशी द्यावी, एवढाच त्याचा विषय होता. पुढे २२ मे २०१० रोजी फ्लोरिडातल्या एका प्रोग्रॅमरने १० हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मिळवले. बिटकॉइनची पहिली खरेदी म्हणून तो दिवस क्रिप्टोवाले दरवर्षी साजरा करतात. त्यातला एक तपशील मात्र क्वचितच सांगितला जातो. पिझ्झावाल्याने बिटकॉइन घेतलेच नव्हते. ते घेतले एका तिसऱ्याच तरुणाने, आणि त्याने पिझ्झावाल्याला नेहमीसारखे डॉलर चुकते केले. पंधरा वर्षांनंतरही बहुतेक ठिकाणी क्रिप्टोच्या ‘खरेदी’चं स्वरूप तेच आहे : देणारा बिटकॉइन देतो, घेणाऱ्याला आपलं नेहमीचं चलन हवं असतं.

या परीक्षेचा एक मोठा, देशपातळीवरचा प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत झाला. मध्य अमेरिकेतला एल साल्वादोर हा साधारण ६० लाख वस्तीचा देश. स्वतःचं कोलोन हे चलन बाजूला ठेवून त्याने २००१ मध्ये अमेरिकी डॉलर स्वीकारला. लाखो माणसं कामासाठी अमेरिकेत गेलेली. त्यांनी घरी पाठवलेला पैसा देशाच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. बहुसंख्य लोकांचं बँकेत खातं नाही, पण मोबाइल घरोघरी. बँक नको, सीमा नको, मोबाइल पुरे, असं म्हणणाऱ्या चलनाला याहून चांगली जमीन कुठं मिळणार? एल झोंते या समुद्रकाठच्या गावात २०१९ पासून एका निनावी देणगीच्या आधारावर लहान दुकानदार आणि लाटांवर खेळायला येणारे पर्यटक बिटकॉइनमध्ये देवघेव करून बघतही होते.

राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी हे सगळ्या देशाला लागू करायचं ठरवलं. जून २०२१ मध्ये संसदेने ८४ पैकी ६२ मतांनी कायदा केला आणि ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइन हे डॉलरच्या जोडीने अधिकृत चलन झालं. कायद्याच्या सातव्या कलमाने सक्तीच केली : गिऱ्हाइकाने बिटकॉइन पुढे केले तर दुकानदाराने ते घ्यायचे. सरकारने ‘चिवो’ नावाचं अ‍ॅप काढलं. ओळखपत्राचा क्रमांक घालून, चेहरा दाखवून नाव नोंदवलं की ३० डॉलरचे बिटकॉइन फुकट. देशभर बिटकॉइनची एटीएम उभी राहिली. दुकानदाराला भावाच्या चढउताराचा फटका बसू नये म्हणून सरकारी विकास बँकेत १५ कोटी डॉलरचा निधी ठेवला; आलेले बिटकॉइन तिथल्या तिथे डॉलरमध्ये बदलून मिळायचे. म्हणजे कायदा, बक्षीस, यंत्रणा आणि विमा, सरकारच्या हातात जे जे होतं ते सगळं एकाच वेळी पणाला लागलं.

काय झालं? फर्नांडो अल्वारेझ, डेव्हिड अर्जेंते आणि डायना व्हॅन पॅटन या अर्थशास्त्रज्ञांनी १,८०० कुटुंबांची घरोघर जाऊन पाहणी केली. चिवो डाउनलोड केलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांनी ३० डॉलर खर्च केल्यानंतर अ‍ॅपवरून एकही व्यवहार केला नव्हता. सक्ती असूनही दर पाच व्यवसायांपैकी एकच बिटकॉइन घेत होता. ज्यांनी वापर चालू ठेवला ते बहुतेक तरुण, शिकलेले, पुरुष आणि बँकेत खातं असलेले निघाले. ज्या गरिबाच्या नावाने योजना आखली, तोच तिच्याबाहेर राहिला. परदेशातून येणाऱ्या पैशात क्रिप्टोचा वाटा दोन टक्क्यांच्या आतच अडकला. शेवटी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून १४० कोटी डॉलरचं कर्ज हवं होतं, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये संसदेनेच कायदा बदलला. दुकानदारावरची सक्ती गेली आणि बिटकॉइनमध्ये कर भरण्याची सोयही गेली. सरकारने बिटकॉइनचा साठा मात्र जपून ठेवला. मालमत्ता म्हणून त्याची किंमत वाढली होती, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

या अपयशाचं खापर अनेकजण तंत्रज्ञानावर फोडतात. तंत्राच्या मर्यादा आहेतच. बिटकॉइनच्या मूळ साखळीत साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक ब्लॉक जोडला जातो आणि सेकंदाला जेमतेम सात व्यवहार मावतात. आपल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. म्हणजे सेकंदाला सरासरी सात हजारांच्या वर. पण चिवोला ही अडचण फारशी नव्हती. चिवोतून चिवोत पैसे चटकन जात, तेही फुकट; बाहेर पाठवायला लाइटनिंग ही जलद जोडव्यवस्था होती. तरी लोकांनी पाठ फिरवली. कारण दुसरीकडे आहे.

घेणारा माणूस पैसे हातात घेताना मनातल्या मनात एकच हिशेब करतो : हे मी संध्याकाळी घाऊक व्यापाऱ्याला दिले तर तो घेईल का, आणि याच किमतीला घेईल का? कायदा लागू झाला त्याच दिवशी बिटकॉइनचा भाव काही तासांत दहा टक्क्यांहून जास्त कोसळला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ६९ हजार डॉलरच्या आसपास होता; वर्षभराने १७ हजारांच्या खाली. भाजीवालीला रोजच्या उलाढालीवर जो काही नफा सुटतो, तो अशा एका हेलकाव्यात साफ होतो. म्हणूनच चिवो वापरणाऱ्या दुकानातही किमती डॉलरमध्येच लिहिलेल्या असायच्या. बिटकॉइनचा आकडा पैसे देतानाच्या क्षणी निघायचा. ज्या नाण्यात कुणी किंमत लिहीत नाही, पगार ठरवत नाही, उधारी मांडत नाही, ते रोजच्या व्यवहारात परकंच राहतं.

दुसरी गोष्ट गाऱ्हाण्याची. सुरुवातीच्या दिवसांत अनेक लोकांनी अ‍ॅप उघडलं, तर त्यांच्या ओळखपत्रावर दुसऱ्याच कुणी ३० डॉलर उचललेले. बिटकॉइनच्या साखळीत चुकीच्या पत्त्यावर गेलेली रक्कम परत आणणारा कुणी नसतो. त्याच्या पुरस्कर्त्यांना हा गुण वाटतो, कारण मध्ये कुणी नाही म्हणजे कुणाची मनमानीही नाही. ज्यांच्या सरकारने खाती गोठवली किंवा ज्यांचं चलन मातीमोल झालं, त्यांच्यासाठी ही गोष्ट खरोखर मोलाची आहे, आणि तिची टिंगल करणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण ज्याच्याकडे महिन्याचे मोजकेच पैसे आहेत, त्याला दाद मागायला एक खिडकी लागते.

कायद्याने काय साधतं आणि काय साधत नाही, याचं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायला नको. दहा रुपयांचं नाणं आठवा. काही नाणी खोटी आहेत अशी अफवा उठली आणि देशाच्या अनेक भागांत, आपल्याकडच्याही काही गावांत, दुकानदारांनी ती नाकारली. १४ वेगवेगळ्या नक्ष्यांची नाणी काढली आहेत आणि सगळीच वैध आहेत, असा खुलासा रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये करावा लागला. नाणं सरकारचं, कायदा पाठीशी, धातू तोच. तरी गल्ल्यावरचा माणूस म्हणायचा, ‘आम्ही घेऊ हो, पण पुढं कुणी घेत नाही.’ पैशाचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. दहाच्या नाण्यामागे रिझर्व्ह बँक उभी होती म्हणून ते सावरलं. बिटकॉइनमागे असं कुणी नाही, आणि कुणी नसणं हाच त्याचा पाया आहे.

यूपीआयचं यश याच कसोटीवर समजतं. २०१६ मध्ये ते आलं तेव्हा लोकांना नवा पैसा शिकावा लागला नाही. रुपया तोच, बँक तीच, तक्रारीची जागाही तीच. बदलला फक्त रस्ता. पाणीपुरीवाल्याला कागदी क्यूआर चिकटवायला खर्च नाही, मशीनचं भाडं नाही, आणि मिळालेला रुपया संध्याकाळी मंडईत रुपयाच असतो.

भारतात क्रिप्टोवर बंदी नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ते परिपत्रक रद्द केलं. पण आपली करव्यवस्था त्याकडे मालमत्ता म्हणूनच बघते. समजा, ३०० रुपयांना घेतलेला बिटकॉइनचा अंश आज ५०० चा झाला आणि तो देऊन तुम्ही वाणसामान घेतलंत. कायद्याच्या नजरेत तुम्ही मालमत्ता विकलीत. २०० रुपये नफा, त्यावर ३० टक्के म्हणजे ६० रुपये कर, वर सेस धरून ६२ रुपये ४० पैसे. उद्या दुसऱ्या खरेदीत तोटा झाला तर तो या नफ्यातून वजाही होत नाही. प्रत्येक कोथिंबिरीच्या जुडीचा असा हिशेब ठेवून कुणी बाजारहाट करणार नाही.

लोकांच्या मनातली धास्तीही निराधार नाही. गेनबिटकॉइन या योजनेने दरमहा दहा टक्के परताव्याचं आमिष दाखवून हजारोंना गुंतवलं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला पकडलं आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. यात बिटकॉइनच्या गणिताचा दोष काहीच नाही. पण सामान्य माणूस गणित तपासत नाही, नाव लक्षात ठेवतो.

तरीही, ‘क्रिप्टो संपलं’ असं मी म्हणणार नाही, कारण ज्या गरजेवर ते उभं आहे ती खरी आहे. परदेशातून घरी पैसे पाठवायला जगात आजही सरासरी सहा टक्क्यांहून जास्त खर्च येतो. तो २०३० पर्यंत तीन टक्क्यांवर आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. रत्नागिरी-रायगडातून आखातात गेलेल्या कामगाराच्या घरी या टक्क्यांचा अर्थ विचारून बघा. या गरजेला क्रिप्टोच्या जगातून आलेलं उत्तर म्हणजे स्टेबलकॉइन : एक टोकन म्हणजे एक डॉलर, असं वचन. अर्जेंटिनात २०२३ मध्ये महागाई दोनशे टक्क्यांवर गेली, तेव्हा तिथल्या अनेकांनी अशा डिजिटल डॉलरचा आसरा घेतला. लोकांना साखळीचा वेग आणि पोच हवी होती, किंमत मात्र ओळखीच्या डॉलरचीच. पण वचनामागे ठेव नसेल तर तेही फोल. मे २०२२ मध्ये टेरा यूएसडी हे असंच ‘स्थिर’ नाणं काही दिवसांत कोसळलं. म्हणून अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये कायदा करून स्टेबलकॉइनमागे पूर्ण राखीव निधी सक्तीचा केला. बँकेला टाळायला निघालेली वाट अशी पुन्हा राखीव निधी, हिशेबतपासणी आणि नियामक यांच्यापाशी आली आहे, आणि मला ते योग्य वाटतं. आपणही फेब्रुवारी २०२३ मध्ये यूपीआय सिंगापूरच्या पेनाऊ या पेमेंट व्यवस्थेशी जोडलं; डिसेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ई-रुपयाचा प्रयोग मुंबईसह निवडक शहरांतून सुरू केला. आखाती देशांशी अशीच स्वस्त जोडणी लवकर आणि घरगुती रकमांसाठी व्हावी, ही माझी या क्षेत्रातल्या धोरणकर्त्यांकडे आग्रहाची मागणी आहे.

आणि वाचकांना एक विनंती. एखादं नाणं ‘उद्याचा पैसा’ म्हणून कुणी तुम्हाला द्यायला आला, तर त्याला भाव विचारू नका. तीन गोष्टी विचारा. तुझ्या माणसांचे पगार तू यात देतोस का? तुझा घरमालक यात भाडं घेतो का? आणि रक्कम चुकीच्या पत्त्यावर गेली तर मी कुणाच्या दारात उभं राहायचं? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर तुम्ही पैसा घेत नाही आहात, जोखीम विकत घेत आहात. ती घ्यायला हरकत नाही. पण बुडाली तरी घर चालेल एवढीच घ्या.