आईला अजून अकरा सेकंद हवेत

मोबाइलच्या घंटीच्या तीस सेकंदांनो,



आपली गाठ रोज पडते, सकाळी साडेनऊच्या सुमाराला. मी पुण्याहून मिरजेला आईला फोन लावते आणि तुम्ही सुरू होता. ट्रिंग-ट्रिंग, जराशी शांतता, पुन्हा ट्रिंग-ट्रिंग. आपल्याकडच्या या आवाजाचं एक आवर्तन तीन सेकंदांचं असतं, म्हणजे तुमच्यात बरोबर दहा आवर्तनं बसतात. आईने कॉलर ट्यून कधी घेतली नाही, त्यामुळे मला ती मोजता येतात. पाचव्याला ती पडवीची पायरी चढत असेल. आठव्याला हात माजघराच्या भिंतीवर असेल. दहावं संपतं आणि ध्वनिमुद्रित बाई सांगते की, आपण फोन केलेली व्यक्ती उत्तर देत नाही.

ती व्यक्ती उत्तर देत असते. मी घरी असले की माझ्या कानांनी ऐकते. फोन वाजला की आई जिथे असेल तिथून ओरडते, ‘आले गं, आले!’ कोणाचा फोन आहे हे तिला ठाऊक नसतं, फोनला ऐकू जात नाही हे ठाऊक असतं, तरी ती ओरडते. दारात आलेल्या माणसाला ओ द्यावी तशी.

गेल्या दिवाळीत मी घड्याळ लावून मोजलं. आई मागच्या अंगणात तुळशीजवळ होती. तिथून धुण्याच्या दगडाला वळसा, मग पडवीची एक पायरी, मग दोन उंबरे, मग माजघर आणि माजघरातून देवघरासमोरचा कोनाडा. आईचं वय ७८. दोन्ही गुडघे झिजलेले. पायरीपाशी ती थांबते, काठी डाव्या हातातून उजव्या हातात घेते, आधी बरा पाय वर टाकते, मग दुसरा ओढून घेते. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही हे लहानपणापासूनचं वळण, त्यामुळे तो ओलांडायला गुडघा जास्त उचलावा लागतो आणि तिथे तिचा श्वास अडतो. कोनाड्यापर्यंत पोचायला तिला ४१ सेकंद लागले. घाई न करता, रोजच्या चालीने. म्हणजे तुम्ही अकराने कमी पडता.

हे अकरा सेकंद मागण्यासाठी हे पत्र आहे.

त्या कोनाड्याबद्दल थोडं सांगते, कारण सगळा घोटाळा तिथे आहे. तिथे पूर्वी लँडलाइनचा फोन होता. त्याच्याखाली आईने स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल होता. फोन परत केला, रुमाल राहिला. आता त्याच रुमालावर तिचा बटणांचा मोबाइल असतो, चार्जरला लावलेला. आमच्या घरापुरतं सांगायचं तर लँडलाइन गेलीच नाही, तिची वायर तेवढी गेली. आईच्या ओळखीच्या तीन-चार घरी मी हेच पाहिलं आहे. कोणाचा फोन टीव्हीवर, कोणाचा फ्रिजवर, कोणाचा खिडकीत, कारण रेंज तिथेच येते. या पिढीसाठी फोन ही घरातली एक जागा आहे. तिथे चालत जावं लागतं.

तुमचा जन्म झाला तेव्हा हे कोणी ध्यानात घेतलं नाही. तुम्हाला तुमचा जन्म आठवत असेल, मी वाचणाऱ्यांसाठी सांगते. २०१९ सालापर्यंत आपल्या देशात मोबाइल किती वेळ वाजावा याचा नियमच नव्हता. साधारण ३० ते ४५ सेकंद वाजायचा. तेव्हा एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला, की पहिल्या कंपनीने दुसरीला मिनिटामागे ६ पैसे द्यायचे अशी पद्धत होती. ऑक्टोबर २०१७ पूर्वी तर ते १४ पैसे होते. आता यात घंटीचा संबंध कुठे आला? घंटी लवकर तोडली, की समोरच्याला मिस्ड कॉल दिसतो. तो उलटा फोन करतो. आणि फोन उलटा झाला, की पैसेही उलटे वाहतात. जिओने घंटी २० सेकंदांवर आणली, त्यावर एअरटेलने तक्रार केली, मग एअरटेलनेही आपली घंटी २५ सेकंदांवर आणली. दोघांनी एकमेकांवर आरोप केले. शेवटी दूरसंचार नियामक संस्था ट्राय मध्ये पडली आणि १ नोव्हेंबर २०१९ रोजी तुम्हाला नेमलं. मोबाइलला ३० सेकंद, लँडलाइनला ६०.

ट्रायने तेव्हा चांगलंच काम केलं असं माझं मत आहे. वीस-पंचवीसच्या घसरगुंडीवरून कोणीतरी अडवायलाच हवं होतं. पण तो साठचा आकडा नीट बघा. घरातल्या फोनपर्यंत माणसाला चालत जावं लागतं हे नियम करणाऱ्यांना पटलं असणार, म्हणून त्याला तुमच्या दुप्पट वेळ. आणि मोबाइल खिशातच असतो असं धरलं, म्हणून तुम्ही. माझ्या आईच्या लुगड्याला खिसा नाही.

ज्या सहा पैशांवरून ते भांडण झालं, ते १ जानेवारी २०२१ पासून बंद झाले. आज घंटी लवकर तोडून कोणाला काही मिळत नाही. तुम्ही मात्र आहात तिथेच आहात.

तुमच्या बाजूने एक गोष्ट बोलता येते, ती मी लपवणार नाही. घंटी वाजत असते तेवढा वेळ टॉवरची जागा अडते आणि त्याचा दाम कोणाला मिळत नाही. न उचललेले फोन सगळे मिनिट-मिनिट वाजत राहिले तर जाळ्यावर ताण येईल, हे खरं आहे. म्हणून तर मी सगळ्यांसाठी मागत नाही. ज्याला हवेत त्याच्यापुरते मागते.

मागच्या श्रावणात आई पडली. सकाळपासून पावसाची झड होती, पडवी ओली होती. मी फोन लावला, उचलला नाही. लगेच परत लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला. मला काळजी वाटत होती म्हणून मी लावत होते, आणि मी लावत होते म्हणून ती धावत होती. पहिल्या घंटीला ती अंगणातून निघाली. दुसरी वाजली तेव्हा पायरीवर होती, तिला वाटलं काहीतरी गंभीर असणार. तिसऱ्या घंटीला ती दुसऱ्या उंबऱ्याला अडखळली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. शेजारच्या काकूंनी तिची वेणी घालून दिली, भाकरी आणून दिली. प्लास्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ती डाव्या हाताने तुळशीला पाणी घालायची. मी रजा काढून जाऊन राहिले, तेव्हा ती मला म्हणाली, ‘तू फोन करतेस ते मला कळतं गं. मला यायला वेळ लागतो ते तुला कळतं का?’

त्यानंतर आम्ही तिला गळ्यात अडकवायला छोटा बटवा शिवून दिला. दोन दिवस वापरला. मग पूजेच्या वेळी काढून ठेवला तो तिथेच राहिला. वाकलं की फोन पुढे लोंबतो आणि दगडावर आपटतो, असं तिचं म्हणणं. ते बरोबर आहे, मी स्वतः घालून पाहिला.

आता माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट. ती इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिकडे फोन उचलला नाही की व्हॉइसमेल बोलू लागतं. तिचा फोन खालच्या मजल्यावर स्वयंपाकघरात, ती वर मुलांना निजवत असते. जिना उतरून येईपर्यंत पंधरा सेकंद संपतात. आईने कधी अगदीच राहवलं नाही म्हणून तिला फोन लावला, की पलीकडून एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगायची आणि मग पीं असा आवाज. आई बावरून फोन ठेवायची. निरोप ठेवायचा असतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. शिवाय व्हॉइसमेलने उचललेला फोन हा लागलेला फोन धरतात, त्यामुळे परदेशी कॉलचे पैसे जायचे ते वेगळेच. एकदा तिने मला हळूच विचारलं होतं, ‘तिच्या घरी ती कोण बाई राहते?’

बहिणीने एका संध्याकाळी ते दुरुस्त केलं. फोनवर स्टार-हॅश-६१-हॅश दाबलं, तर आपले न उचललेले फोन कुठल्या नंबरावर वळतात ते दिसलं. मग तिने स्टार-स्टार-६१-स्टार, पुढे तो व्हॉइसमेलचा नंबर, मग स्टार-११-स्टार-३०-हॅश असं दाबलं आणि हिरवं बटण. शेवटचा ३० हा आकडा म्हणजे तुम्ही. त्या जागी पाचपासून तीसपर्यंत पाचच्या पटीतला कुठलाही आकडा चालतो. हे गणित हँडसेटमध्ये राहत नाही, कंपनीच्या जाळ्यात ग्राहकाच्या नंबरापुढे नोंदलं जातं, म्हणून फोन बदलला तरी टिकतं. तिच्या कंपनीत हे चाललं. सगळीकडे चालत नाही. काही ठिकाणी ग्राहक सेवेला फोन करून वेळ वाढवून मागावी लागते. पण मागता येते. आता आईचा फोन लेस्टरला तीस सेकंद वाजतो आणि बहीण जिना उतरून तो घेते.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. फोन किती वेळ वाजावा हे तिथे ज्याला फोन येतो तो ठरवतो. लावणाऱ्याची घाई आणि कंपनीचा हिशेब दोन्ही त्याच्या मागे.

आणि खंतही तिथेच वाटली, कारण त्या आकड्यांनी मागितलं तरी तुमच्या पुढे जाता येत नाही. जिथे वेळ वाढवता येते तिथेही वरची मर्यादा तुम्हीच.

हे आकडे मिरजेत दाबून उपयोग नाही, हेही लिहून ठेवते. आईच्या फोनला व्हॉइसमेल नाही, वळवणार कुठे? दुसरं म्हणजे कॉल वळवण्याच्या याच सोयीचा आपल्याकडे चोरांनी उपयोग केला. ‘कुरिअर अडकलंय’, ‘सिम बंद पडेल’ असं सांगून लोकांना स्टार-४०१-हॅश आणि पुढे एक अनोळखी नंबर दाबायला लावायचे. मग त्या माणसाचे सगळे फोन, बँकेचे सुद्धा, चोराकडे. म्हणून दूरसंचार विभागाच्या आदेशाने १५ एप्रिल २०२४ पासून आकडे दाबून कॉल वळवण्याची सोय थांबवली. ते योग्यच झालं. माझ्या आईला कोणी फोनवर आकडे सांगावेत आणि तिने ते दाबावेत, असं मला कधीच नको आहे.

मग मार्ग काय? कंपनीच्या दुकानात जाऊन, आधार दाखवून, एका कागदावर सही करून घंटीची वेळ वाढवून मिळावी. सिम घेताना नाही का आपण ओळख पटवतो? तशीच. साठ सेकंद हवेत की पंचेचाळीस, एवढी एक चौकट त्या अर्जावर असावी. ज्यांना चालायला वेळ लागतो, ज्यांना ऐकू कमी येतं, ज्यांचे हात कणकेत किंवा गुरांच्या धारेत असतात, ते भरतील. बाकीचे भरणार नाहीत. साठ सेकंद देणं अशक्य असतं तर लँडलाइनला ते दिलेच नसते.

तोवर आम्ही घरी एक ठराव केला आहे. पहिला फोन ही हाक. ती ऐकून आईने निघायचं, धावायचं नाही, उचलायचाही नाही. मी एक मिनिट थांबते आणि मग दुसरा लावते. तोवर ती कोनाड्याखालच्या खुर्चीत बसलेली असते. तिने मधे उलटा फोन करायचा नाही, नाहीतर दोघींनाही एंगेज लागतो. हे शिकायला आम्हाला आठवडा गेला. परवा दुसऱ्या फोनला पहिल्याच आवर्तनात तिने उचलला आणि म्हणाली, ‘आज जाईला कळी आलीय.’ श्वास अजिबात लागलेला नव्हता.

तुम्ही कोणाचं वाईट चिंतलं नाहीत, हे मला माहीत आहे. तुम्हाला वाढवणं तुमच्या हातात नाही, ते ट्राय आणि कंपन्यांच्या हातात आहे. त्यांच्यापर्यंत हे पत्र पोचावं.

आणि ज्यांचे आईवडील गावी एकटे राहतात, त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा मागच्या दारापासून फोनपर्यंत त्यांच्यासोबत चालून बघा, घड्याळ लावून. आणि फोन वाजून थांबला तर लगेच परत लावू नका. मिनिटभर थांबा. तुम्ही परत लावणार आहात हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मिरजेच्या एका आईची थोरली लेक