दोष वायरीचा, बोल अ‍ॅम्प्लिफायरला

मैत्रिणींनो, घरात मूल पेटी-तबला शिकू लागले तर आईने कान तेवढे घट्ट करायचे असतात. पण हल्लीची मुले गिटार घेतात आणि तिच्या पाठोपाठ वायरींचे भेंडोळे घरात येते. त्या भेंडोळ्याची ओळख करून घ्यायला इंजिनियर व्हावे लागत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

माझी भाची सांगलीला ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवते. बास म्हणजे जाड तारांची, खालच्या घुमणाऱ्या सुरांची गिटार. बहिणीने भिशीच्या पैशातून तिला शंभर वॅटचा जुना अ‍ॅम्प्लिफायर घेऊन दिला होता. गणपतीचे कार्यक्रम आठ दिवसांवर आले आणि तो रुसला. सुरू केला की नुसते ‘घूंऽऽ’, मध्येच आवाज गडप! दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगितले, “आतला बोर्ड गेला, सहा हजार पडतील.” मेहुणे आधीच नाराज. “विकून टाका ते डबडं. मुलीच्या जातीला हवीत कशाला ही थेरं?” बहिणीचा रडवेला फोन आला. साताऱ्यात आमचे सासऱ्यांच्या वेळेपासून मंडप-स्पीकरचे दुकान. वायरी जोडण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. म्हटलं, “मी येईपर्यंत विकू नकोस हो,” आणि कराडमार्गे एसटीने सांगली गाठली.

आमच्या दुकानाचा नियम साधा आहे. पेटी उघडण्याआधी वायर बघायची, आणि एका वेळी एकच वस्तू बदलायची. आमटी बिघडली म्हणून आपण मीठ, चिंच, गूळ एकदम घालत सुटतो का? मग नेमके कशाने सुधारले ते कळायचे कसे!

आधी गिटार न जोडता अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला. जवळजवळ शांत. गिटार जोडली, लगेच घूं. म्हणजे दुखणे पेटीच्या अलीकडे. भाचीच्या मित्राची वायर आणून लावली, तर बरीचशी घूं गेली! जुनी वायर टोकापाशी हलवली, तर आवाज ये-जा करू लागला. जॅकमधले सोल्डरिंग सुटले होते. शिवाय ती वायर मुळात गिटारीची नव्हतीच, स्पीकरची होती.

इथेच बहुतेकांची फसगत होते. दोन्ही वायरींना जॅक तसाच पाव इंची, बाहेरून जुळ्या बहिणी. पण आतून स्वभाव वेगळे. गिटारीतून येणारा प्रवाह अगदी नाजूक. त्याच्या वायरीत एक बारीक तार असते आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी. घरातल्या विजेची ५० सायकलची घूं त्या जाळीवरच अडते. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरच्या पेटीकडे मात्र दणकट प्रवाह जातो. १०० वॅट आणि ४ ओहमचा स्पीकर असेल तर ५ अँपिअर! तिथे दोन जाड तारांची, निदान दीड स्क्वेअर मिलिमीटरची वायर हवी. गिटारीची बारीक वायर तिथे लावली तर ती तापते, आणि आत तारा एकमेकींना चिकटल्या तर अ‍ॅम्प्लिफायर खरोखरच जळतो.

उरलेली घूं शोधताना प्लग पाहिला आणि पोटात धस्स झाले. तीन पिनांपैकी वरची जाड पिन कापलेली! एका मंडपात कोणीतरी ‘घूं जाईल’ म्हणून हा उपाय केला होता. “मावशी, माईकला ओठ लागले की मुंग्या येतात गं,” भाची सहज म्हणाली. सहज! ती पिन अर्थिंगची. पत्र्याच्या पेटीत वीज उतरली तर ती त्या वाटेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन नसली तर वीज गिटारीच्या तारांत येऊन थांबते आणि वाजवणारीच्या अंगातून वाट काढते. १९७२ साली इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये, स्वान्सी गावी, लेस्ली हार्वी नावाचा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माईकला हात लावताच भर कार्यक्रमात गेला. शेजारच्या मिरजेच्या तंबोऱ्याची गुणगुण कारागिराने जवारी लावून मुद्दाम काढलेली असते. अ‍ॅम्प्लिफायरची गुणगुण आणि अंगावरच्या मुंग्या हा इशारा असतो. पिन कापून तो दाबायचा नसतो.

नवा थ्री-पिन प्लग, जाळीची तीन मीटर वायर आणि दोन जॅक, सगळे मिळून सहाशे रुपयांच्या आत आले. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून तपासून घेतले.

आता काही गोष्टी ध्यानात ठेवा. वायर हवी तेवढीच लांब घ्या. फार लांब वायरीत वरचे सूर मंदावतात. कोपराभोवती आवळून गुंडाळू नका, सैल वेटोळे करा. काही बास गिटारींत ९ व्होल्टची बॅटरी असते. वायर खोचून ठेवली तर ती उतरते आणि दोष अ‍ॅम्प्लिफायरवर येतो. बटण फिरवताना खरखर झाली तर बहुधा आत धूळ असते. फ्यूज त्याच मापाचा घाला, चांदीचा कागद कधीही नाही. दोन स्पीकर जोडण्याआधी पेटीमागचे ओहमचे आकडे वाचा. ८ ओहमचे दोन शेजारी जोडले की ४ होतात. आणि पेटी मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून असते. ते काम जाणकाराचेच.

भाचीने आता स्पीकरच्या वायरीला लाल आणि गिटारीच्या वायरीला हिरवी पट्टी चिकटवली आहे. गणपतीत तिचे चारही कार्यक्रम झाले. अ‍ॅम्प्लिफायर उचलून रिक्षात ठेवायला मेहुणेच पुढे होते, असे बहीण सांगते. आधी प्लग मात्र तीच बघते.