बॉक्सिंगच्या रिंगपासून पोहण्याच्या तलावापर्यंत : मुरलीकांत पेटकर



आपल्या जालना जिल्ह्यात गावची जत्रा म्हटली की कुस्त्या आल्याच. हलगी वाजायला लागते, पंच दोन पोरं समोरासमोर उभी करतात, खांद्याला खांदा लावून बघतात आणि मगच जोड ठरवतात. वजनकाटा नसतो, कागद नसतो, नुसती नजर असते. पण त्या नजरेमागे एक पक्का नियम आहे : सारख्याला सारखा. पन्नास किलोच्या पोराला नव्वद किलोच्या पैलवानापुढे उभं केलं तर ती कुस्ती नव्हे, थट्टा झाली.

बॉक्सिंगमध्ये म्हणजे मुष्टियुद्धात हाच नियम काटा लावून पाळतात. लढतीआधी खेळाडूचं वजन होतं आणि त्यावरून गट ठरतो. त्यातला ‘लाइटवेट’ हा गट ऑलिम्पिकमध्ये कितीतरी वर्षं 60 किलोचा होता. मेरी कोम यांनी 2012 साली लंडन ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते 51 किलो गटात. आपले खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकले तेही बँटमवेट या हलक्या गटात. म्हणून कुणी त्यांचं पदक हलकं समजतं का? नाही ना! गट हलका असतो, पदक हलकं नसतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एक सैनिक, एक बॉक्सर

मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूर भागातले. ते भारतीय सैन्यात भरती झाले. त्यांची शाखा होती ईएमई, म्हणजे सैन्याची यंत्रं, गाड्या, उपकरणं दुरुस्त करणारी शाखा. तिथे ते बॉक्सिंग शिकले आणि चांगलेच तयार झाले. 1964 साली टोकियोला सैनिकांची आंतरराष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाली, त्यात ते बॉक्सिंगमध्ये उतरले. खेड्यातला मुलगा, हातात ग्लोव्हज आणि समोर परदेशी खेळाडू! पुढची वाट सरळ दिसत होती.

1965 साली पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं. पेटकर तेव्हा काश्मीरमध्ये होते. हल्ल्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात जाऊन बसली. जीव वाचला, पण पायांतली ताकद गेली.

आता विचार करा. बॉक्सर हाताने मारतो हे खरं, पण तो उभा असतो पायांवर. ठोसा सुरू होतो तळपायापासून आणि कंबरेतून फिरून मुठीत येतो. पाय गेले की बॉक्सिंग गेलं. बहुतेक गोष्टी इथे संपल्या असत्या.

पाण्यात काय वेगळं असतं?

मुंबईच्या ‘आयएनएचएस अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला लावलं गेलं. आपल्याकडची पोरं पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. त्यांना हे लगेच कळेल. पाणी अंगाचा भार उचलून धरतं. जमिनीवर जे पाय ओझं होतात, ते पाण्यात तरंगतात. पुढे जायला हात, खांदे आणि श्वास लागतो, आणि बॉक्सरकडे या तिन्ही गोष्टी भरपूर असतात. मला तर वाटतं, त्यांचं बॉक्सिंग वाया गेलंच नाही, ते पाण्यात उतरलं.

पेटकर एकाच खेळावर थांबले नाहीत. 1968 साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताने पहिल्यांदाच भाग घेतला, त्यात ते टेबल टेनिस खेळले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेनेही त्यांना मदतीचा हात दिला. मग आलं 1972. जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात पॅरालिम्पिक भरलं होतं. 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्याच्या आपल्या गटात पेटकर यांनी 37.33 सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकलं. शिवाय भालाफेक आणि व्हीलचेअर स्लॅलम या प्रकारांतही ते अंतिम फेरीत पोचले.

ऑलिम्पिक असो की पॅरालिम्पिक, भारताचं हे पहिलं वैयक्तिक सुवर्ण. अभिनव बिंद्रा यांचं सुवर्ण आलं 2008 साली, म्हणजे तब्बल 36 वर्षांनी.

37.33 सेकंद म्हणजे किती?

मुलांना नुसता आकडा सांगून काही होत नाही, तो आकडा चालवावा लागतो. मी पाचवीच्या वर्गाला मैदानावर नेलं, टेप धरून 50 मीटर मोजले, फक्कीने रेघा मारल्या आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. अट एकच : पळायचं नाही, नेहमीसारखं चालायचं. बहुतेक मुलं 37 सेकंदांच्या आसपास पोचली. मग वर्गात भागाकार केला. 50 भागिले 37.33, उत्तर साधारण 1.34. सेकंदाला 1.34 मीटर, म्हणजे तासाला जवळपास 4.8 किलोमीटर.

“मॅडम, म्हणजे आपण जसं शाळेला चालत येतो, तसे ते पाण्यात गेले? पाय न मारता?” एका मुलीने विचारलं. दशांश अपूर्णांकाचा माझा तास तिथेच सार्थकी लागला.

गट म्हणजे सवलत नव्हे

पण दुसऱ्या एका मुलाचा प्रश्न जास्त टोकदार होता. “ते अपंगांच्या स्पर्धेत जिंकले, मग ते सोपं असंल ना?” हा प्रश्न फक्त त्या मुलाचा नाही. मोठ्यांच्याही मनात तो असतो, फक्त ते तो विचारत नाहीत.

मी त्याला जत्रेतली जोड आठवायला सांगितली. बॉक्सिंगमध्ये वजनावरून गट करतात, पॅरालिम्पिकमध्ये शरीराच्या कोणत्या भागात किती ताकद आहे यावरून गट करतात. दोन्हीकडे हेतू एकच, सारख्याला सारखा. आणि एकदा गट ठरला की आत कुणी कुणाला सूट देत नाही. तिथेही समोरचा जिंकायलाच आलेला असतो. पॅरालिम्पिकची सुरुवातच मुळी जखमी सैनिकांपासून झाली. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी 1948 साली व्हीलचेअरवरच्या 16 जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. दयेसाठी नाही, जिद्द परत यावी म्हणून.

आता आपल्या शाळांकडे बघा. ज्या मुलाला नीट चालता येत नाही, त्याला खेळाच्या तासाला कोणतं काम मिळतं? दप्तरं सांभाळायचं. नाहीतर गुण मोजायचं. कुणाचा हेतू वाईट नसतो, उलट काळजीच असते. पण रोज दप्तरं सांभाळून मूल एकच धडा शिकतं, की खेळ आपला नाही.

आमच्या शाळेत एका मुलाचा पाय जन्मापासून अधू आहे, तो कुबडी घेऊन येतो. पेटकरांची गोष्ट ऐकून त्याने हळूच विचारलं, “मॅडम, ते भाला बसून फेकायचे का?” हो म्हटल्यावर त्याचा चेहरा विचारात पडलेला दिसला. दुसऱ्या दिवशी आम्ही बसून चेंडूफेक घेतली. सगळ्यांनी मांडी घालून बसायचं, ढुंगण उचललं की बाद. कुबडीने त्याचे हात भक्कम झालेले. तो पहिला नाही आला, तिसरा आला. पण आपला चेंडू रेघेच्या पुढे पडला होता म्हणून त्याने माझ्याशी पाच मिनिटं भांडण केलं. मित्रांनो, ते भांडण ऐकून मला फार बरं वाटलं. दप्तरं सांभाळणारं पोर रेघेवरून भांडत नाही, खेळणारं भांडतं.

उशिरा मिळालेली दाद

1972 म्हटलं की आपल्या भागात जुनी माणसं दुष्काळच आठवतात. खडी फोडायची कामं, रेशनची मिलो ज्वारी. जालना हा वेगळा जिल्हा व्हायलाही तेव्हा नऊ वर्षं बाकी होती, तो झाला 1 मे 1981 ला. त्याच वर्षी महाराष्ट्राचा एक सैनिक जर्मनीत देशासाठी सोनं जिंकत होता आणि आपल्या घराघरांत ते नावही पोचलं नाही.

पेटकर यांना पद्मश्री मिळाली 2018 साली. 46 वर्षांनी! जून 2024 मध्ये त्यांच्या आयुष्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आला आणि जानेवारी 2025 मध्ये त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार दिला गेला. दाद मिळाली ही आनंदाची गोष्ट, पण एवढ्या वर्षांत कितीतरी मुलं ही गोष्ट न ऐकताच शाळेतून बाहेर पडली, याची हुरहुर वाटते. राष्ट्रपती भवनातला पुरस्कार आपल्या हातात नाही. वर्गातली दाद मात्र आपल्याच हातात आहे, आणि तिला 46 वर्षं लागायची गरज नाही.

वर्गात करून बघा

1. मैदानावर 50 मीटर मोजा. प्रत्येकाने चालून लागलेली वेळ वहीत लिहावी आणि आपला वेग काढावा.
2. महिन्यातून एक तास सगळ्यांनी बसून खेळायचा खेळ घ्या : चेंडूफेक, रिंग टाकणे, बसून पासिंग. नियम सगळ्यांना सारखे ठेवा.
3. ‘गट म्हणजे सवलत की न्याय?’ यावर मुलांना पाच वाक्यं लिहू द्या. वाक्यं त्यांचीच असू द्या, फळ्यावर उत्तर लिहून देऊ नका.
4. नकाशात इस्लामपूर, टोकियो, तेल अवीव आणि हायडेलबर्ग शोधा आणि एका माणसाचा प्रवास रेघेने जोडा.

आणि आपल्या वर्गात आज दप्तरं कोण सांभाळतंय, तेवढं एकदा बघा.