भरतीची वेळ आणि भावाचा वाटा

नांदेड-लातूरवरून जाणारा महामार्ग पुढे सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत थेट रत्नागिरीला पोहोचतो. मुलांनी नकाशावर बोट फिरवून विचारले, "अब्बू, सरळच जायचंय ना?" नांदेडपासून सहाशे किलोमीटर! गोदावरीच्या काठी अब्बांनी आम्हा तिघा भावांना गळ टाकायला शिकवले होते. समुद्र मात्र त्यांनी पाहिला नाही. म्हणून अम्मीला तरी दाखवायचा होता.

तीन वर्षांपूर्वी, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही तीन घरची अकरा माणसे दोन गाड्यांतून तिथे पोहोचलो. अर्धा महाराष्ट्र आमच्या आधी आलेला. खोल्यांचे भाडे दुप्पट. एका किनाऱ्यावर गाडी लावायला जागा नव्हती. चार गाड्या वाळूत उभ्या दिसल्या, म्हणून आम्हीही आमची उतरवली. मुले गळ टाकून बसली, आम्ही दोरीकडे पाहत बसलो आणि पाणी गाडीकडे निघाले. दुपारी एकच्या सुमारास मागची चाके रुतलेली. ट्रॅक्टरवाल्याने दोन हजार घेतले. चूक आमचीच होती. वाळूत गाडी नेऊच नये.

संध्याकाळी मिरकरवाडा बंदरावर चहा पिताना एका म्हाताऱ्या मच्छीमार चाचांनी आमची फजिती ऐकली. तिथे मच्छीमारांत मुस्लिम घरे पुष्कळ. त्यांची कोकणी आमच्या दखनीला अर्धीच कळते. चाचा म्हणाले, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे आमची गाडी बुडायच्याच वाटेवर होती! अम्मीने लगेच विचारले, "चांदच्या तारखेने नाही का येत?" येते, फक्त चांदच्या तारखेत एक-दोन मिळवावे लागतात.

घरी येऊन आम्ही वहीत हिशोब मांडला. तीन समान वाटे, घरटी साडेनऊ हजार. छोट्याने मुकाट्याने दिले. दोन महिन्यांनी नांदेडला गेलो तेव्हा भावजयीचे कान मोकळे दिसले. बाळ्या गहाण पडल्या होत्या. तो रिक्षा चालवतो, आमचा पगार दर महिन्याला खात्यात येतो. हिशोब अगदी बरोबर होता, म्हणूनच जास्त लाज वाटली. बाळ्या सोडवायचे पैसे देऊ केले, तर त्याने विषयच बदलला.

गेल्या वर्षी पुन्हा बेत निघाला तेव्हा तो म्हणाला, "मुलीची परीक्षा आहे." दिवाळीच्या सुट्टीत परीक्षा, आणि हे शिक्षकाला सांगतो!

मग आम्ही बेतच बदलला. मे महिन्यात पुन्हा तीच गर्दी, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. दिवाळीनंतर कचेऱ्या लवकर उघडतात, शाळा थोड्या उशिरा. म्हणून लक्ष्मीपूजनानंतरचा आठवा दिवस धरला. वारही मधला होता, खोल्या निम्म्या भाड्यात मिळाल्या. दोन गाड्यांऐवजी ओळखीची एक क्रूझर घेतली. ती छोटा चालवणार होता. ड्रायव्हरची मजुरी वाचली, तोच त्याचा वाटा, असे थोरल्या भाईजानने सगळ्यांसमोर सांगितले. आम्ही सांगितले असते तर त्याला खैरात वाटली असती.

लातूरहून फजरनंतर निघालो आणि मगरिबला आंबा घाट उतरलो. दुसऱ्या दिवशी क्रूझर खोलीच्या अंगणातच ठेवली आणि जेटीवर रिक्षाने गेलो. भाड्याची घासाघीस छोट्यानेच केली. पहिल्या रिक्षावाल्याला तर त्याने मीटरचे गणितच समजावले. बोट ठरवली असती तर हजारो गेले असते. दोरी, शिसे, गळ (तिकडे गरी म्हणतात) आणि आमिषाला कोळंबी, एवढ्यावर भागले. शेवाळलेल्या खडकांवर मुलांना जाऊ दिले नाही. अष्टमी, सहाची भरती. असर पढून चढत्या पाण्यावर दोऱ्या सोडल्या. पाच छोटे मासे लागले, त्यातले तीन छोट्याच्या गळाला. अकरा तोंडांना काय पुरणार? बांगडे बंदरावरून विकत घेतले. अम्मी मात्र त्या पाचांतलाच एक मागून बसली.

लातूरला परतल्यावर छोट्याने तीनशे रुपये पुढे केले. "कोळंबीचे आणि दोरीचे," म्हणाला. आम्ही घेतले आणि वहीत त्याच्या नावापुढे लिहिले.