आधी कागद, मग लोखंड

कित्येक पावसाळे उघड्यावर काढलेली महिंद्राची सीजे 500 डी घ्यावी आणि पुन्हा चालती करावी का, हा प्रश्न सध्या मी मनाशी घोळवतो आहे. ऐंशीच्या दशकातली गाडी, फोर व्हील, डिझेल. हूड कधीच गेलेलं, टायर मातीत रुतलेले, इंजिन फिरतं की जाम आहे तेही ठाऊक नाही. नागपूरजवळच्या कळमेश्वर, मोहपा, धापेवाडा या पट्ट्यात अशा जीपा आजही गोठ्यामागे किंवा बागेच्या धुऱ्यावर उभ्या दिसतात. विकत घेण्याचं माझं खरं कारण हौस हेच आहे. काळ्या मातीच्या पांदणीतून ऑगस्टात जायला अरुंद टायरची फोर व्हील जीप बरी पडते, पण त्या कामाला ट्रॅक्टर आहेच. गरजेचा मुलामा दिला की हिशेब बिघडतो. हौसेचा हिशेब हौस म्हणूनच मांडलेला बरा, आणि तो मांडताना मी एका निष्कर्षावर आलो आहे: अशा गाडीत सगळ्यात आधी तपासायचा भाग बॉनेटखाली नसतो. तो परिवहन कार्यालयाच्या नोंदीत असतो.

नेहमीचा क्रम याच्या उलटा. बघायला येणारा प्रत्येक जण आधी पत्र्यावर थाप मारतो, मग तेलाची काडी ओढतो, मग जाणत्यासारखा खाली वाकून पाटे पाहतो. हे करू नये असं नाही. पण आपल्या भागात लोखंडाचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे. कोकणात खारी हवा चासी आतून खाते. इथे हवा बरीचशी कोरडी, त्यामुळे गंज लागतो तो मुख्यतः जिथे चिखल साचून राहतो तिथे, म्हणजे चासीच्या आडव्या पट्ट्या, तळाचा पत्रा आणि बॉडी बसवलेल्या जागा. उन्हाने मात्र रबर शिल्लक ठेवलेलं नसतं. 45 अंशांपलीकडे जाणारे उन्हाळे सोसल्यावर ऑइल सील, बुश, ब्रेकचे होज आणि वायरिंग गेलंच असं धरून चालावं. इंजिनाची धास्ती कमी, कारण सीजे 500 डीचं डिझेल इंजिन इंटरनॅशनल बी-275 या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. ट्रॅक्टरचा मिस्त्री प्रत्येक तालुक्याला आहे, लेथ आहे, आणि पंप-नोझलचं काम नागपुरात होतं. स्टार्टर मारण्याआधी क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरतं का, हे बघितलं की निम्मं चित्र कळतं. ट्रान्सफर केसचा लो गिअर लोडवर सुटतो का, पुढच्या डिफरन्शियलमध्ये तेल आहे की पाणी, स्टेअरिंगचा प्ले किती, किंगपिन किती झिजले, हे सगळं पैसे मोजून दुरुस्त होणारं दुखणं आहे. अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते. हरियाणातलं मंडी डबवाली जीपा बांधण्यासाठीच ओळखलं जातं. एक सावधगिरी तेवढी सांगायला हवी. या जीपांचा टायर 6.00-16 आणि कित्येक ट्रॅक्टरांचा पुढचा टायरही त्याच मापाचा, म्हणून स्वस्तात तोच चढवला जातो. ट्रॅक्टरचा टायर काटोल रोडच्या वेगासाठी बनवलेला नसतो.

कागदाचं तसं नाही. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांची आणि नंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरणाची. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला हजर करावी लागते, म्हणजे ब्रेक, दिवे, स्टेअरिंग सगळं ठीक करून. खरी मेख इथे आहे. आधी गाडी पूर्ण बांधा, सगळा खर्च करा, आणि नोंदणी होते की नाही ते शेवटी कळेल, असा हा उलटा क्रम आहे. त्यात 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क 600 रुपयांवरून 5,000 झालं, ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या हलक्या वाहनासाठी ते 10,000 झालं. अर्जाला उशीर झाला तर दरमहा 500 रुपये वेगळे, म्हणजे वर्षाला 6,000. शिवाय राज्याचा पर्यावरण कर आणि विमा. हे आकडे जड आहेत, पण निदान आधी मांडता येतात. मांडता येत नाही ते असं: 1 जुलै 1989 ला नवा मोटार वाहन कायदा लागू होण्याआधीचा नंबर असेल, तर त्याची नोंद संगणकावर चढलेली असेलच असं नाही. ती नसेल तर जुन्या रजिस्टरातून बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. त्यासाठी मूळ आरसी पुस्तक हवं, मालक किंवा त्याचे वारस हवेत, आणि चासीवर ठोकलेला नंबर वाचता यायला हवा. त्या नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची, उमटलेला ठसा आरसीशी ताडून पाहायचा; अशा जीपची पहिली परीक्षा हीच, आणि तिला एक रुपयाही लागत नाही. ठसा जुळत नसेल, किंवा एकीच्या कागदावर दुसरीची चासी आहे अशी शंका आली, तर लोखंड कितीही सुंदर असो, तिथून निघावं.

जुन्या जीपा येतात कुठून, हेही याच नजरेने पाहायला हवं. एकेकाळी तहसील, जिल्हा परिषद, वन, पाटबंधारे या खात्यांच्या लिलावांतून त्या बाहेर पडत आणि लोक आपल्या नावावर करून घेत. ती वाट आता बंद झाली आहे. 1 एप्रिल 2023 पासून सरकारी मालकीच्या वाहनाची नोंदणी 15 वर्षांनंतर टिकत नाही आणि ते नोंदणीकृत भंगार केंद्रातच जायला हवं. सूट आहे ती संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या विशेष वाहनांना. तेव्हा ‘साहेबांची गाडी, लिलावातली’ असं कोणी सांगितलं तर लिलाव कधीचा आणि नोंदणी खासगी नावावर कधी झाली, हे दोन प्रश्न विचारावेत. लष्कराच्या डिस्पोजल गाड्यांची ख्याती मोठी, आणि देखभालीच्या बाबतीत ती बरीचशी खरीही असेल. पण त्यांना नागरी नंबर मिळतो तो लिलावाच्या मूळ कागदांवर. ते कागद विकणाऱ्याने जपून ठेवले नसतील, तर सैन्याची कीर्ती आपल्या कामाची नाही.

यावर इथला सगळ्यात नेहमीचा आक्षेप असा, की गाडी शेतातच फिरवायची तर कागद कशाला? हा युक्तिवाद मला मोहक वाटतो, म्हणूनच तो तपासून पाहिला. मोटार वाहन कायदा ‘सार्वजनिक जागा’ म्हणतो तेव्हा त्याला फक्त डांबरी रस्ता अभिप्रेत नाही. जिथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे ती प्रत्येक वाट त्यात येते. पांदण ही तर व्याख्येनेच दहा जणांची वाट. तिथे विनाविमा जीपखाली कोणी सापडलं, तर भरपाई घर विकून द्यावी लागेल. आपल्या धुऱ्याच्या आतच गाडी ठेवायची असेल तर कायद्याची अडचण कमी, पण मग एवढा खर्च कशासाठी, याचं उत्तर हौसेलाही देता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जुन्यात एवढं ओतण्यापेक्षा नवी थार किंवा जिम्नी का नाही? निव्वळ वाहन हवं असेल तर ही सूचना बिनतोड आहे. ऐंशीच्या दशकातल्या जीपला एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि अपघातात छातीसमोर स्टेअरिंगचा दांडा असतो. ‘जुनं लोखंड दणकट’ हे वाक्य गाडीपुरतं खरं आहे, आतल्या माणसापुरतं नाही. मुलांना रोज नागपूरला नेण्यासाठी मी अशी गाडी कधीच सुचवणार नाही. पण 2010 ची पहिली थार आणि 2 ऑक्टोबर 2020 ला आलेली नवी, दोन्ही त्याच घराण्यातल्या असूनही, हाताने उघडून गावातच बांधता येणारं यंत्र त्यांच्याबरोबर बरंच मागे पडलं. सेन्सर आणि ईसीयूच्या गाडीला स्कॅनर लागतो. ज्याला वाहनापेक्षा हे काम हवं आहे, त्याचा प्रश्नच वेगळा. अशा माणसाने डिझेल जीपेऐवजी जिप्सी घ्यावी का, हाही विचार मी केला. 1985 मध्ये आलेली मारुती जिप्सी हलकी, चपळ. 1996 नंतरच्या जिप्सी किंगचं 1.3 लिटर इंजिन एस्टीमच्या नात्यातलं. पण सामान्य ग्राहकांसाठी ती 2019 मध्ये बंद झाल्यापासून तिला हौशी गिऱ्हाईक फार, आणि कार्बोरेटरच्या जुन्या जिप्सीत वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल घालून रबराची काळजी करत बसायचं, हे माझ्याने व्हायचं नाही.

हल्ली तिसरी गोष्ट सांगतात ती किंमत वाढण्याची. उंच सस्पेन्शन, रुंद टायर, दुसऱ्या गाडीचं ताकदवान इंजिन, की दुप्पट भाव. कायदा इथे स्पष्ट आहे. कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत, असा कलम 52 चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. म्हणजे जी सजावट भाव वाढवते, तीच नूतनीकरण अडवू शकते. ‘व्हिंटेज’चा मार्गही माझ्या कामाचा नाही. 2021 च्या नियमांप्रमाणे गाडी 50 वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपातली हवी, आणि ती रोजच्या वापरात आणता येत नाही. माझ्या जीपला पन्नाशी गाठायला अजून बरीच वर्षं आहेत, आणि तोवर प्रदर्शनासाठी ती सांभाळण्याची मला हौस नाही.

तेव्हा माझा निर्णय असा आहे. सीजे 500 डी घ्यायची, पण सौद्याचा क्रम मी ठरवणार. आधी चासीचा ठसा आणि मूळ आरसी. मग एमएच-40 च्या कार्यालयात, म्हणजे नागपूर ग्रामीणला, संगणकावर नोंद आहे का, कर्जाचा बोजा किंवा कराची थकबाकी आहे का, याची चौकशी. नोंद नसेल तर बॅकलॉगचं काम मालकाने किंवा वारसांनी स्वतः करून द्यायचं. खर्च माझा, सह्या त्यांच्या. नोंद उभी राहिली की फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, आणि बयाणा तेव्हाच. टोइंगची गाडी, मिस्त्री, डेंटर यांची पाळी त्यानंतर. चासी गंजून नंबर वाचता येत नसेल तर भंगाराच्या भावातही ती मला नको.

विकणाऱ्यांनाही एक सांगणं आहे, कारण त्यांना वाटतं की जीप अंगणातून गेली की सुटलो. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ठरवलं, की अपघाताच्या भरपाईपुरता मालक तोच, ज्याचं नाव नोंदीत आहे. गाडी नंतर कितीही हातांतून फिरलेली असो. विक्री कळवायला कायद्याने 14 दिवसांची मुदत दिली आहे. वडिलांच्या नावची जीप वीस वर्षांपूर्वी कोऱ्या कागदावर सही घेऊन कोणाला दिली असेल, तर ती आज कुठे आहे आणि कोणाच्या नावावर आहे, हे या आठवड्यातच पाहून घ्या.