सर, मी इथेच उभा आहे!



विद्यानगरातल्या आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात यंदा नववीची मुले शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधला एक प्रवेश इंग्रजीतून करणार आहेत. इंग्रजीच्या बाई रजेवर, म्हणून काही तालमी मी घेतल्या. त्यात माझी एक चूक झाली. मुलांसमोरच झाली, म्हणून येथे सांगतो.

वेळ रात्रीची. ज्युलिएट वर खिडकीशी, रोमिओ खाली बागेत. तिच्या बोलण्यात 'व्हेअरफोर' हा शब्द येतो. 'व्हेअर' म्हणजे कुठे, एवढ्या भांडवलावर मी मुलीला म्हटले, "कपाळाशी हात धर आणि त्याला शोध." खालून रोमिओ म्हणाला, "सर, मी इथेच उभा आहे!" सगळे हसले. "अंधार आहे," म्हणून मी वेळ मारून नेली.

रात्री शब्दकोश काढला. 'देअरफोर' म्हणजे म्हणून, आणि त्याचा जोडीदार 'व्हेअरफोर' म्हणजे का, कशासाठी! ज्युलिएट त्याला शोधतच नाही. तो खाली आहे हे तिला ठाऊकही नाही. वैऱ्याच्या घरातला हा मुलगा रोमिओच का असावा, हे तिचे दुःख. तक्रार अंधाराची नाही, आडनावाची आहे.

खरे तर मी सावध असायला हवे होते. मी हिंदी माध्यमातला पदवीधर. हुबळीत आल्यावर पहिल्याच पालकसभेत "मुलांना उत्तम शिक्षा देऊ" असे बोलून बसलो होतो! 'चेष्टा' शब्दानेही मला असेच फसवले आहे. हे नाटक प्रथम छापले गेले 1597 साली. तेव्हा 'प्रेझेंटली' म्हणजे ताबडतोब, आणि याच नाटकात 'नाइस' म्हणजे क्षुल्लक.

अलंकारांना मुले अडत नाहीत. नायिका सूर्य आहे आणि चंद्र तिच्यावर जळतो, हे चांदोमामा ऐकत वाढलेल्या मुलांना समजवावे लागले नाही. फसवतो तो ओळखीचा वाटणारा शब्द. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' (1883) केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' (1890). भाषांतरकाराला "अंधार आहे" म्हणून सुटता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांना चूक सांगितली. ज्युलिएटने विचारले, "सर, मग हात कुठे ठेवू?" मला सुचेना. तिनेच तो खिडकीच्या चौकटीवर ठेवला आणि खाली न बघता, हळू आवाजात बोलली. या वेळी रोमिओ हसला नाही.